क्लायंटच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. क्लायंटचा मॅनेजर म्हणतोय, 'शनिवारी जरा दोन उमेदवार बघून घे, अर्ध्या-अर्ध्या तासाचं काम आहे.' खुशाल हो म्हण. फक्त आपण कोण म्हणून तिथे बसतोय, हे आधी मेलवर ठरवून घे. तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, त्यांच्या पगारावर नाहीस. तू मत देणार, निवड ते करणार. माझ्या लेखी हा एक मुद्दा पक्का असला की बाकीचं आपोआप सुटत जातं.

आधी पैशाचं बोलू, कारण तेच बोलायला तुला जड जातं. अर्धा तास कधीच अर्धा तास नसतो. सीव्ही वाचायचा, प्रश्न काढायचे, उमेदवाराचा माइक चालत नाही म्हणून ताटकळायचं, मग फीडबॅक लिहायचा आणि सोमवारी 'दोन मिनिटं बोलूया का' म्हणून परत कॉल. तुझ्या एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कोणतं काम करायचं ते ठरवणाऱ्या कागदात, हे काम नसेल तर तशी ओळ घालून घे आणि इनव्हॉइसला वेगळं दाखव. पहिल्यांदा फुकट केलंस की पुढचे सगळे शनिवार त्यांचे. व्हेंडरमार्फत, म्हणजे मधल्या कंपनीमार्फत, गेली असशील तर करार एकदा उघडून बघ. क्लायंटकडे माणसं नेण्याबद्दल त्यात बहुधा एखादं कलम असतंच.

लंडनकडे स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करणारी आपली बरीच मंडळी याबाबत भलतीच सावध असतात. तिथे आयआर-३५ नावाचा करनियम आहे. २०२१च्या एप्रिलपासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या-मध्यम कंपन्यांमध्ये कॉन्ट्रॅक्टर खरंच स्वतंत्र आहे की नावापुरता, हे क्लायंटने ठरवायचं असतं. आणि तो त्या संस्थेचाच भाग झालाय का, हेही त्यात बघतात. क्लायंटची माणसं निवडणं हे त्याचंच एक लक्षण. आपल्याकडे तो नियम नाही, पण धडा घेण्यासारखा आहे.

म्हणून सुरुवातीलाच उमेदवाराला सांग, 'मी इथे कन्सल्टंट आहे, तांत्रिक भाग तेवढा बघणार आहे.' तो विचारणारच: वर्क फ्रॉम होम मिळेल का, वर्षभरात प्रमोशन होईल का, टीम कशी आहे. टीमबद्दल दिसतं ते सांग. बाकीचं एचआरकडे सोपव. तू सहज म्हणालेलं 'हो, देतात इथे' त्याच्या डोक्यात ऑफर होऊन बसतं. आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. तुझ्या शब्दावर एखाद्याने राजीनामा टाकला आणि इथली जागाच रद्द झाली, तर निस्तरणार तो.

आता खऱ्या कामाचं. लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव वगैरे पुस्तकी कोडिंगचे प्रश्न सोडून दे. त्यांच्या रोजच्या कामातला एखादा लॉग, म्हणजे सिस्टिमने कधी काय केलं त्याची नोंद, परवानगीने घे, ग्राहकांची नावं-नंबर पुसून टाक. समज, पेमेंट दोनदा कापलं गेलंय. गेटवेचं उत्तर यायला उशीर झाला, सर्व्हिसने टाइमआउट समजून रिक्वेस्ट परत मारली आणि दोन्ही पास झाल्या. तो लॉग स्क्रीनवर ठेवायचा आणि म्हणायचं, 'वाच, आणि वाचताना मोठ्याने बोल.' ज्याने प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, सांभाळलंय तो आधी वेळा बघतो, मग ट्रान्झॅक्शन आयडी शोधतो आणि विचारतो, दोन्ही रिक्वेस्टना आयडी एकच आहे का? ज्याने प्रश्नसंच पाठ केलेत तो पहिल्या लाल ओळीशी थांबून आयडेम्पोटन्सीची (तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी परिणाम एकदाच व्हावा, याची) व्याख्या म्हणायला लागतो. दहा मिनिटांत तुला जे कळतं ते तासभराच्या प्रश्नोत्तरांत कळत नाही.

आणि एक बघ. लातूर, सांगली, चाळीसगावकडच्या कॉलेजांतून आलेली मुलं इंग्रजीत अडखळतात, मग स्वतःवरच चिडतात. अशा वेळी सरळ म्हण, 'मराठीत सांगितलंस तरी चालेल.' मराठी येत नसेल तर हिंदीत. खांदे खाली येतात, खुर्ची पुढे सरकते, आणि मघाशी 'यस मॅम, नो मॅम' करणारा मुलगा रिक्वेस्ट परत मारण्यात कुठे चूक झाली ते कागदावर काढून कॅमेऱ्यासमोर धरतो. क्लायंटचा रिक्रूटर फॉर्मवर 'कम्युनिकेशन वीक' लिहून मोकळा होतो. तू लिही की त्याने बग शोधला, इतक्या वेळात आणि अशा क्रमाने. रोज परदेशी ग्राहकाशी बोलण्याचं काम असेल तर इंग्रजीला वजन द्यायलाच हवं, पण मग ते जाहिरातीत लिहिलेलं असावं.

बोगस उमेदवार भेटतील. ओठ एक बोलतात, आवाज दुसराच येतो. हल्ली प्रश्न संपला की डोळे, स्क्रीनवरचं उत्तर वाचल्यासारखे, डावीकडून उजवीकडे सरकायला लागतात. तू 'फ्रॉड' हा शब्द लिहू नकोस, जे दिसलं तेवढंच लिही. चौकशी करणं त्यांचं काम.

पॅनेलवरचा कुणी तरी मुलीला विचारेल, 'लग्नाचं काय ठरलंय?' तो हे बहुधा तुझ्याच तोंडून विचारायला लावेल, 'तू बाई आहेस, तू विचारलंस तर बरं दिसतं.' साफ नाही म्हण. भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायला १९७६च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती, आणि आता २०१९च्या वेतन संहितेतही आहे. कायदा नसता तरी तुझ्या उत्तरात फरक पडू नये.

ते दोन सीव्ही तू मला व्हॉट्सॅपवर पाठवलेस, ते मी न उघडता उडवले. तूही उडव. लोकांचे पत्ते, जन्मतारखा, चालू पगार आहेत त्यात. ते क्लायंटच्या सिस्टिममध्येच वाचायचे.

ओळखीचं माणूस सुचवायचं असेल तर ओळख उघड सांग आणि त्या मुलाखतीला बसू नकोस. एजन्सी एका माणसामागे वार्षिक सीटीसीच्या (वर्षाच्या एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार घेतात. तो आकडा ऐकून मोह होतो. मिळवायचे तर क्लायंटकडून, लेखी. उमेदवाराकडून चहासुद्धा नको.

राहता राहिलं, तू जे विचारलं नाहीस पण मनात आहे ते: तुझ्याच जागी माणूस आणायला ही भरती करतायत का? जागेच्या वर्णनात तुझंच सगळं काम असेल तर शक्यता दाट आहे, आणि त्यात वावगं काही नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या जागी कायमचा माणूस आणणं हा कुठल्याही कंपनीचा सरळ हिशेब आहे. मॅनेजरला शनिवारच्या आधी थेट विचार. हो म्हणाला तर हँडओव्हरचे आठवडे आणि त्याचा दर त्याच मेलमध्ये मागून घे. गुळमुळीत बोलला तर तू तुझ्या बाजूने पुढचं काम शोधायला लाग. दोन्हींपैकी काहीही झालं तरी चांगल्या उमेदवाराला पाडायचं नाही. तो पुढे तुझाच कोड वाचणार आहे आणि अडला की तुलाच फोन करणार आहे. त्या फोनचेही पैसे लाव.

तुझा,
काका