क्रम नव्हे, कोटी!

प्रश्न असा आहे: ‘केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही रिॲक्शनची ऑर्डर काढतो. मराठीत लिहिताना तिला क्रम म्हणायचे की कोटी?’

कोटी. (ऑर्डर म्हणजे पदार्थाची संहती, म्हणजे मिश्रणातले त्याचे प्रमाण, बदलली की अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारा आकडा.) ‘अभिक्रियेचा क्रम’ ऐकून ऐकून कान किटले. क्रम म्हटला की आधी काय नि मग काय. एका पोराने जर्नलमध्ये ‘क्रम : आधी थायो, मग आम्ल’ (थायो म्हणजे सोडियम थायोसल्फेट) असे ठळक अक्षरात लिहिलेले मी पाहिले आहे. शब्दाला तो बिचारा प्रामाणिकच राहिला की!

कोटी म्हणजे शंभर लाख, कोटी म्हणजे शाब्दिक विनोद, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस प्रकार, हे व्हॉट्सॲपवरचे ज्ञान इथे आणू नका.) खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात कोटि म्हणजे धनुष्याचे वाकलेले टोक. धातू कुट्, वाकडे असणे. ‘कुटिल’ हा त्याचाच भाऊबंद. रामेश्वरजवळची धनुष्कोडी आठवा. ‘लीलावती’त काटकोन त्रिकोणाची एक बाजू भुज, तर दुसरी कोटि. शाळेतले कोटिकोन त्याच घराण्यातले, आणि जुन्या पुस्तकांतली कोज्या म्हणजे आखडलेली कोटिज्या. टोकावरून शिखर, शिखरावरून दर्जा, ‘उच्च कोटीचा’. कोशवाले दर्जापाशी येऊन बसकण मारतात: ऑर्डर म्हणजे दर्जा, झाले! मला हे मुळीच पटत नाही. वेगाचे समीकरण, म्हणजे वेग आणि संहती यांचे नाते, लिहून बघा. संहतीच्या उजव्या खांद्यावर, पार वरच्या टोकाला जो बारीक घातांक बसतो, तीच कोटी. धनुष्याचे टोकच ते! शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे नव्हते असे कोणी सिद्ध करेपर्यंत मी हेच सांगत राहणार.

आणि हे टोक रासायनिक समीकरणातले आकडे वाचून सापडत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनात समीकरणात रेणू दोन, कोटी मात्र एक. प्रयोग करावाच लागतो. कागदावर काळी फुली, तिच्यावर फ्लास्क, फ्लास्कात थायो. वरून आम्ल ओतले की घड्याळ सुरू. गंधकाने द्रावण गढुळत जाते आणि फुली दिसेनाशी होते, तेवढे सेकंद टिपायचे. पाणी घालून एकूण आकारमान तेच राखायचे, आम्लही तेवढेच, आणि थायो निम्मा. वेळ दुप्पट लागला तर थायोपुरती कोटी एक. चौपट लागला असता तर दोन.

क्रमवाल्यांना माझा एकच सवाल. ॲसिटाल्डिहाइड तापवून त्याचे विघटन केले की कोटी दीड येते. आता ‘दीडावा क्रम’ म्हणून दाखवा! यावर एका प्राध्यापकांनी मला खवचटपणे विचारले, ‘म्हणजे दीड कोटीची अभिक्रिया म्हणायचे का?’

म्हणा की. तीही कोटीच झाली.