डी वाढलं, पाय कुठे वाढले?

"मॅडम, डी वाढलं. पाय कुठे वाढले?" बसता बसताच काकूंनी विचारलं. वय 71, राहणार लालबाग. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. तक्रार मात्र नेहमीचीच. व्हिटॅमिन डीची पाकिटं घेतली, रिपोर्ट सुधारला, तरी बसची पायरी चढवत नाही.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या रक्तातलं डी मिलिलिटरमागे 11 नॅनोग्रॅम होतं. 20 च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी 60,000 युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असं 8 आठवडे सांगितलं. काकूंनी 14 घेतली. "दुकानदार देतो की, चिठ्ठी कुठे मागतो!" नशीब, नवा आकडा 46 च आला. जास्तीचं डी चरबीत साठून राहतं आणि फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट देऊन पाहिलं, तर त्या जास्त पडल्या. तो अभ्यास 2010 मध्ये छापून आला.

मी मोबाइलवर घड्याळ लावलं. "हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा." पहिल्याच खेपेला हात सुटून गुडघ्यावर गेला. तिसऱ्यांदा त्या खुर्चीत बसल्या नाहीत, पडल्याच. 19 सेकंद. 2019 च्या आशियाई निकषांत 12 किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. वयानुसार स्नायू झिजण्याला 1989 पासून सार्कोपेनिया म्हणतात. डी फार कमी असेल तर मांड्या, खुबे दुबळे होतात आणि ती कमतरता भरून काढावीच लागते. पण ती भरल्यावर आणखी पाकिटांनी स्नायू वाढत नाहीत.

मग झालं काय? तर चाळ गेली. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाला संडास, खालून भाजी आणायची. आता सतरावा मजला, लिफ्ट, आणि कचराही दारातून नेतात. "ऊन घेते ना रोज, सोफ्यावर," काकू म्हणाल्या. बंद काचेतून! त्वचेत डी तयार करणारे किरण काच अडवते, आत येते ती नुसती ऊब.

जेवण विचारलं तर दोन वेळा चहा-खारी, दीड पोळी, पातळ आमटी, रात्री दहीभात. काटे दिसत नाहीत म्हणून मासे सोडलेले. सूनबाई म्हणाल्या, "आम्हीच म्हणतो, या वयात हलकं खा." हे हलकं खाणं मला भारी पडताना दिसतं. वजन 54 किलो म्हणजे दिवसाला 54 ते 65 ग्रॅम प्रोटीन हवं. त्यांचं जेमतेम 30 भरत होतं. किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून मगच सकाळी दोन अंडी, आमटीच्या जागी घट्ट वरण, दुपारी काटे काढलेला मासा किंवा पनीर सुरू केलं. पाकिटं डॉक्टरांनी थांबवली. घरी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून आठ वेळा उठ-बस, दिवसातून दोनदा. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या.

पहिले पंधरा दिवस मांड्या दुखल्या म्हणून काकू रुसल्या, फोनही घेतला नाही. तिसऱ्या महिन्यात आल्या त्या बसनेच.

"दांडी धरावी लागली हो."

"धरा की, त्यासाठीच असते ती."

पुन्हा घड्याळ लावलं. 14 सेकंद.

"अजून तीन सेकंद कमी करायचेत," मी म्हटलं. काकूंनी पदर खोचला आणि न सांगता पुन्हा उठल्या.