वाचक विचारतात : दसऱ्याचं सोनं आणि घटातलं धान

प्रश्न : दसऱ्याला बाजारात ‘सोनं’ म्हणून मिळतात ती पानं आपट्याचीच असतात का? आणि हा मान आपट्यालाच का?

उत्तर : पुष्कळदा ती कांचनाची असतात. दोन्ही झाडं जवळच्या नात्यातली, दोन्हींचं पान मधोमध चिरलेलं, त्यामुळे खपून जातं. पान तळहातावर ठेवून बघा. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. मागची बाजू करडी, बारीक लव असलेली. कांचनाचं पान तळहात झाकेल एवढं मोठं. डहाळीवर गुलाबी-जांभळी फुलं दिसली तर विषयच संपला. आपट्याची फुलं बारीक, पिवळट पांढरी आणि ती येतात उन्हाळ्यात.

मानाची गोष्ट कौत्साची. गुरू वरतंतूंनी चौदा विद्यांची दक्षिणा म्हणून चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला, पण रघूने विश्वजित यज्ञात होतं नव्हतं ते देऊन टाकलेलं. रघू आता आपल्यावरच चालून येणार म्हटल्यावर कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, पाचव्या सर्गात, हे सोनं पडतं राजाच्या कोषागारात. ते आपट्यावर पाडलं आपल्याकडच्या कथेने. शमीचं कारण वेगळं : अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं तिच्यावर लपवली होती. एक मात्र करा, फांद्या ओरबाडू नका. घरटी एक डहाळी पुरते.

प्रश्न : घटातलं धान कधी कुजतं, कधी पिवळं पडतं. अपशकुन तर नाही ना?

उत्तर : अपशकुन कसला, पाणी जास्त होतंय. गहू रात्रभर भिजवा. परडीत पत्रावळ घालून चाळलेल्या काळ्या मातीचा दोन बोटं थर द्या, गहू एकावर एक न येऊ देता पसरा, वर अर्धं बोट माती. मधला मातीचा घट पाण्याने भरला की तो स्वतःच पाझरतो आणि ओल राखतो. तांब्याने ओतलेलं पाणी वरकड होतं. घटाला ऑइलपेंट असेल किंवा कलश तांब्याचा असेल तर पाझर नाही, मग रोज हाताने शिंपडा. पांढरी बुरशी आली तर एक तर ओल जास्त झाली किंवा दाणे दाट पडले. पिवळेपणा अंधाराचा : देवघरात उजेड पोचला नाही की पात हिरवी होत नाही. सप्तधान्यात तांदूळ आणि डाळ टाकणारे बरेच असतात. ते उगवणार कसे? सालासकट भात आणि अख्खे मूग घ्या.