दीड वर्षाच्या शिंगराला खोगीर-लगामाची सवय कधी आणि कशी लावावी?

सारंगखेड्याच्या यात्रेतून दीड वर्षाचं मारवाडी शिंगरू आणलंय आणि गावातले जाणते पाठीवर वाळूची पोती टाकून पळवायला सांगतात, तसं करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास पुरी होते, मणक्यांची तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत पाठीवर ओझं नको, हे माझं मत. तोवर जमिनीवरून शिकवण्यासारखं भरपूर आहे.

आधी मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेली, डोक्यावर चढवायची दोरीची किंवा पट्ट्यांची बांधणी. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं बसली पाहिजे, त्याखाली नाकाचं हाड पातळ होत जातं. दोर सुती, जाड, तीनेक मीटरचा. तो हाताला गुंडाळू नका; घड्या घालून मुठीत धरा, नाहीतर शिंगरू उधळलं की बोटं जातात. चालवताना पुढे उभं राहून ओढू नका, खांद्याशी उभे राहा. दोर हलका ताणून धरा आणि एक पाऊल पडलं की त्याच क्षणी ढील द्या. शिंगरू ताणाने शिकत नाही, ढिलीने शिकतं. ते मागे ओढत असताना दोर सैल केलात, तर मागे ओढायचं शिकवलंत.

असंच थांबणं, मागे सरकणं, पुठ्ठ्यावर (मागच्या पायाच्या वरच्या भागावर) बोट टेकताच मागचा भाग बाजूला नेणं, चारही पाय उचलू देणं. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. जे डावीकडून केलं ते उजवीकडूनही करा. एका बाजूने सरावलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला दिसली की ते पुन्हा बिचकतं. बांधताना खुंट्याला सुतळीचा फास लावून त्यात दोर अडकवा. जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटावी, मान नव्हे. गोल फिरवणं (लाँजिंग) मात्र या वयात जवळजवळ नकोच, लहान गोलात सांध्यांवर ताण येतो.

लगाम अडीच वर्षांनंतर. त्याआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या. वरच्या पहिल्या दाढेपुढे कधी कधी एक बारीक दात असतो, त्यावर कडी (लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग) आपटली की घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. कडी साधी, गुळगुळीत हवी आणि दोन्ही बाजूंना ओठाबाहेर साधारण अर्धा सेंटिमीटर उरावी. थंडीत ती हातात धरून कोमट करा. ओठाच्या कोपऱ्यात दात नसतात, तिथे अंगठा घातला की तोंड उघडतं. मारवाडीचे कान नाजूक. डोक्याची पट्टी कानांवरून ओढण्यापेक्षा गालाचं बक्कल सोडून चढवा. पहिले काही दिवस ओढवाद्या (हातात धरायचे पट्टे) लावू नका, दहा मिनिटं नुसती चघळू द्या. काढताना घाई नको, घोड्याने स्वतः कडी सोडेपर्यंत थांबा. दातांवर एकदा खटकन आपटली की दुसऱ्या दिवशी डोकं आभाळात.

खोगिराआधी आठवडाभर घोंगडी. हुंगू द्या, अंगावरून फिरवा, पाठीवर टाका, काढा. मग रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढलेलं हलकं खोगीर. पहिल्यांदा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा खुंट्याला बांधलेला नसावा, दोर मदतनिसाच्या हातात असावा. तंग कोपरामागे चार बोटं ठेवा. इथे दोन चुका होतात. एकदम करकचून आवळलं तर घोडा पाठ फुगवून उड्या मारतो. फारच सैल ठेवलं तर खोगीर फिरून पोटाखाली जातं, ते त्याहून वाईट, कारण ती भीती महिनोन्‌महिने जात नाही. खोगीर सरकणार नाही इतपत आवळा, चार पावलं चालवा, आणखी एक भोक आवळा, पुन्हा चालवा. मग दोन्ही पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी सुटते. रिकिबी लोंबकळत्या सोडायच्या त्या पुढच्या आठवड्यात.

आणि ‘नाचायला लवकर शिकेल’ म्हणून कुणी काटेरी लगाम तुमच्या गळ्यात मारेल. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत त्याला बंदी आहे. शिवाय काट्याने हिरडी एकदा चिघळली की साध्या कडीचा हलका इशारा तो घोडा पाळत नाही.