एसी लावला की आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) घसरून गाडी बंद पडते. दोष कुठे शोधावा?

गरम झालेले पेट्रोल इंजिन न्यूट्रलमध्ये साधारणपणे ७०० ते ९०० आरपीएमवर स्थिर राहायला हवे. एसी लावताच काटा ५०० च्या खाली जात असेल, तर पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणाऱ्या भागावर घ्यावा, कारण ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाला लागणारी हवा थ्रॉटलच्या झडपेच्या कडेने, किंवा जुन्या गाड्यांत आयडल कंट्रोल व्हॉल्व्हमधून जाते आणि नेमक्या त्याच फटीत क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणाऱ्या तेलकट वाफेची काजळी साचते. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टॉर्चने पाहिल्यास झडपेच्या कडेला तिचे काळे, चिकट वर्तुळ दिसते.

सफाई इग्निशन बंद ठेवून, मऊ कापडावर थ्रॉटल क्लीनर घेऊन करावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप जोराने ढकलू नये, कारण आतील गिअरला इजा होऊ शकते. अनेक गाड्यांत सफाईनंतर स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावरून) आयडल लर्निंगही करावे, म्हणजे आयडलिंगचा हिशेब नव्याने शिकवावा लागतो, अन्यथा आरपीएम उलट वाढलेला राहतो.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर भेगाळलेले व्हॅक्यूम पाइप आणि स्पार्क प्लग तपासावेत. स्कॅनरवर पी०५०६ हा कोड आला, तर आयडल स्पीड अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे ईसीयूनेच, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकानेच नोंदवले आहे, असे समजावे. मात्र त्यातून कारण कळत नाही, म्हणून केवळ या कोडवरून महागडा सेन्सर बदलण्यास मुळीच होकार देऊ नये. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (झडप किती मिटेल ते ठरवणारा) फिरवून आरपीएम वाढवण्याचा उपायही टाळावा. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि ईसीयूचा हिशेब बिघडतो.