विराट-अनुष्काच्या लग्नाची चौदा चित्रे : एका आईच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

लातूरहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. अकरावी विज्ञान शाखेत शिकणारी आणि नीटच्या शिकवणीला जाणारी आपली मुलगी रात्री अभ्यास आटोपल्यावर मोबाइलवर, आयबिस पेंट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये बोटाने, विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांच्या लग्नाची चित्रे काढते. अशी चौदा चित्रे झाली आहेत, ओळखीचा एक दुकानदार ती मगवर छापून विकायला तयार आहे, आणि हे थांबवावे की यातच तिला पुढे जाऊ द्यावे, असे आपण विचारले आहे. सोबतची चार चित्रे मी मोठी करून सावकाश पाहिली.

थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेहरे छायाचित्रावरून गिरवलेले आहेत, त्यामुळे ते हुबेहूब असले तरी निर्जीव वाटतात. लेहेंग्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीतील टस्कनी येथे झालेल्या त्या लग्नात अनुष्काने नेसलेला, सब्यसाची मुखर्जी यांचा फिकट गुलाबी लेहेंगा ६७ कारागिरांनी ३२ दिवस खपून तयार केला होता. आपल्या मुलीने त्यावरचे भरतकाम तयार ब्रशने एका झटक्यात भरून टाकलेले नाही. कापडाची चुणी जिथे वळते तिथे फूल अरुंद होते, हे तिने टिपले आहे. वस्त्रसंकल्पन आणि बोधचित्रे या दोन्ही क्षेत्रांत अशी नजर लागते, आणि ती शिकवणीने सहसा येत नाही.

मगचा प्रस्ताव मात्र नाकारावा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा असतो, किंवा ते मोबदला देऊन काढून घेतले असल्यास, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा; गिरवणाऱ्याचा तो कोणत्याही परिस्थितीत नसतो. शिवाय प्रसिद्ध व्यक्तीची प्रतिमा परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्याला न्यायालये आता गांभीर्याने घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाजूने तसा मनाई आदेश दिला होता. सरावासाठी ही चित्रे जरूर काढावीत, विकू नयेत. कमाईच करायची असेल तर लग्नसराईत नात्यातल्या एखाद्या जोडप्याचे, त्यांच्या संमतीने, लग्नपत्रिकेसाठी चित्र करावे. छपाईला ए-फोर आकाराचे चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे लागते, हे आधी लक्षात घ्यावे. मोबाइलवरच्या लहान कॅनव्हासचे चित्र कागदावर मोठे छापले की फुटते, म्हणजे धूसर दिसते.

गिरवण्याची सवय प्रवेशाच्या दृष्टीनेही अडचणीची आहे. उपयोजित कलेच्या (कमर्शियल आर्ट) चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची जी कला सीईटी असते, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावे लागते, आणि तिथे समोर छायाचित्र नसते. म्हणून तिला घरच्या लग्नात वही घेऊन बसू द्या. अंतरपाट धरणाऱ्या मामांचे हात, मुंडावळ्यांखालून दिसणारी नजर, अक्षता पडतानाची मांडवातली गर्दी, आत्याच्या पैठणीच्या पदरावरचे मोर आणि काठाची नारळी, हे सारे तिने पाहून, आणि नंतर घरी येऊन आठवून काढावे. महागडा टॅबलेट एवढ्यात घेऊ नये. घरी संगणक असेल तर त्यावर क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर विनामूल्य चालते, आणि संगणकाला जोडायची, पेनने रेखाटण्याची साधी पाटी (पेन टॅबलेट) पुरते.

विज्ञान शाखा सोडण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय असो, मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय असो किंवा आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा असो, बारावी विज्ञान ही कुठेच आडकाठी ठरत नाही. अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. मात्र नीट आणि चित्रकलेची प्रवेश परीक्षा अशी दोन्हींची पूर्ण तयारी बारावीत एकाच वेळी झेपणे फार कठीण आहे, म्हणून बारावी सुरू होण्यापूर्वी निर्णय व्हावा.

त्या निर्णयाबद्दल एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्टपणे लिहितो. दोन पानांच्या पत्रात शिकवणीच्या शुल्काची, नातेवाइकांच्या मताची आणि आपल्या काळजीची चर्चा आहे. डॉक्टर व्हावे असे मुलीला स्वतःला वाटते का, याबद्दल एकही वाक्य नाही. लातूरसारख्या गावात हा प्रश्न विचारायचाच राहून जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तो आपण तिला शांतपणे विचारावा, आणि पुढचे पत्र तिलाच लिहू द्यावे. सोबत छायाचित्र न पाहता काढलेली तीन चित्रे असावीत.