वाचकांचे प्रश्न : गोल्फ कार्टची मोटर सारखी तापते

प्रश्न : लोणावळ्याजवळ आमचं छोटं रिसॉर्ट आहे. गेटपासून वरच्या कॉटेजपर्यंत पाहुण्यांना न्यायला सहा सीटची ४८ व्होल्टची सेकंडहँड गोल्फ कार्ट घेतलीये. चढ चांगलाच आहे. शनिवार-रविवारी गर्दी असली की दुपारनंतर मोटरीतून जळका वास येतो, हात लावता येत नाही. एकदा रिवाइंडिंग झालं, म्हणजे मोटरीतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून घेतली, थोड्या दिवसांनी परत तेच. आता वाइंडिंगवाला म्हणतो मोटर बदला, गाडीवाला म्हणतो बाहेरून फॅन लावा. कोणाचं ऐकू?

उत्तर : दादा, सध्या कोणाचंच नको. मोटर तापतेय म्हणजे ती जास्त करंट खातेय, आणि तो करंट कशापायी जातोय हे न बघता नवी मोटर टाकलीत तर तीही जळणार.

आधी तुमच्या चढाचाच हिशोब बघा. गाडी बॅटऱ्यांसकट साधारण ५५० किलो धरा, सहा माणसांचे ४५०, झाला एक टन. सपाट रस्त्यावर ताशी १५ च्या स्पीडने हा टन ओढायला पाऊण-एक किलोवॅट पुरतं, पण दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर त्याच स्पीडला जवळजवळ पाच किलोवॅट लागतात, म्हणजे सहापट, आणि अशा गाड्यांची मोटर असते साधारण चार-पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे तीन ते पावणेचार किलोवॅट. थोडा वेळ ती हे सोसते. लागोपाठ फेऱ्या नाही सोसत, कारण करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. त्यात बऱ्याच मोटरींचा थंड करायचा पंखा शाफ्टवरच, म्हणजे मोटरीच्या फिरत्या दांड्यावरच असतो, म्हणजे चढावर गाडी रांगायला लागली की पंखाही रांगतो, नेमकी हवा हवी तेव्हाच मिळत नाही. म्हणून गर्दीच्या दिवशी चढाला चारच माणसं घ्या, दोन फेऱ्यांत थोडं थांबा. पाहुणे कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि ड्रायव्हरवर जरा लक्ष ठेवा. चढावर कोणाला उतरवायचं असलं की ब्रेक न लावता एक्सलरेटर अर्धवट दाबून गाडी धरून ठेवतो का तो? कार्बनवाल्या मोटरीला, म्हणजे जिच्यात फिरत्या भागाला करंट कार्बनच्या ठोकळ्यांतून मिळतो तिला, याच्याइतकं वाईट काही नाही. मोटर फिरत नसते पण करंट चालू असतो, तोही कॉम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) त्याच दोन-चार पट्ट्यांतून, त्या भाजून निघतात. माझा पहिला संशय यावरच आहे.

मग गाडी जड चालतेय का बघा. पुढच्या चाकांना दगडाची ओट लावून मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, किल्ली बंद, टो स्विच (गाडी ओढून नेताना कंट्रोलर बंद ठेवायचं बटण) असेल तर टोवर, आणि चाक हाताने फिरवा. अडकत फिरलं तर ब्रेक लायनर घासतोय नाहीतर बेअरिंग गेलंय. जॅकवर असताना एक्सलरेटर दाबून बघायचा मोह मात्र अजिबात नको, सिरीज मोटर (बऱ्याच कार्टमधली कार्बनवाली मोटर) बिनालोड सुटली की स्पीड वाढतच जातो आणि आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, चिंध्या होतात. टायरमधली हवा गाडीच्या कंपनीने सांगितलीय तेवढी हवी, टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्तचा असतो. आधीच्या मालकाने शोसाठी मोठे टायर घातले असतील तर तेही काढा, मोठं चाक म्हणजे चढावर मोटरीला जास्त जोर.

रिवाइंडिंगच्या वेळी कार्बन आणि त्यांच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या का, कॉम्युटेटर लेथवर घेतला होता का, हे विचारा. नसेल तर ते काम अर्धंच झालं. कॉम्युटेटर गुळगुळीत, तपकिरी दिसायला हवा, काळे डाग असले तर ठिणग्या उडतायत.

शेवटी बॅटऱ्या. एक जरी कमजोर असली तर चढावर व्होल्टेज पडतं, गाडी हळू होते, चढ चढायला जास्त वेळ लागतो आणि मोटर तेवढी जास्त भाजते. मीटर लावायचा तो गाडी चढावर लोडवर असताना, एकेका बॅटरीला. उभ्या गाडीत मेलेली बॅटरीसुद्धा छान आकडा दाखवते. करंट बघायला क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) डीसीचा घ्या, इलेक्ट्रिशियनकडचा साधा बहुतेक फक्त एसी मोजतो. फेरीनंतर केबलचे लगही (टोकाचे जोड) बघा, गरम लागले तर साफ करून घट्ट करा.

एवढं करूनही तापली तर मग मोठी मोटर, पण तिच्याबरोबर कंट्रोलर (मोटरीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) आणि केबलही त्या ताकदीच्या लागतील. बाहेरच्या फॅनने थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण ब्रेक घासत असताना फॅन लावणं म्हणजे ताप असताना पंख्याखाली बसणं.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर फेरी झाली की गरम मोटरीवर पाइपने पाणी मारतो. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, आजच बंद करा! पाणी आत गेलं की कार्बनची भुकटी आणि ओल मिळून करंटला भलतीच वाट मिळते, बेअरिंगही गंजतात. गाडी सावलीत लावा, नाहीतर रिकामी सपाटीवर सावकाश फिरवून आणा, शाफ्टवरचा पंखा फिरत राहतो आणि मोटर लवकर निवते. भुकटी काढायची तर मोटर थंड झाल्यावर कोरड्या हवेने, तोंडाला फडकं बांधून.

प्रश्न : एसी मोटरची कार्ट घेतली तर ही कटकट संपेल का?

उत्तर : कार्बनची संपेल. शिवाय बऱ्याच एसी मोटरींत तापमानाचा सेन्सर असतो, फार तापली की कंट्रोलर स्वतःच ताकद कमी करतो. मग चढावर गाडी मंदावली की ड्रायव्हर म्हणणार गाडीत दम नाही, आणि कोणीतरी सेन्सरची वायर काढून ठेवणार. ती तेवढी काढू देऊ नका.